उभ्याउभ्या मेलेली इंजिनं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या शेडमध्ये येणारा ब्लॉक राबून आलेला असायचा. नदीकाठी उसाला पाणी ओढणारं ऑइल इंजिन, नाहीतर गुऱ्हाळावर हंगामभर घाण्याला जोडलेलं. बोअर अंडाकृती झालेला, वरच्या टोकाला नख अडकेल एवढी कड, आत पिस्टन खुळखुळणारा. मिस्त्री बोअरमध्ये बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "वीस थाऊ गेलंय." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; डायल गेज लावावं तर अठरा किंवा बावीस निघायचं. मग रिबोअर, ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, आणि आठवड्याच्या आत इंजिन पुन्हा नदीवर. झिजलं तेवढं कापायचं आणि त्या मापाचा पिस्टन बसवायचा, असा रोखठोक व्यवहार.

आता इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या माझ्या गॅरेजात येणाऱ्या ब्लॉकची तऱ्हा याच्या बरोबर उलटी. १९५५-५६ सालचं जॉन्सन किंवा एव्हिनरूड आउटबोर्ड उघडलं की कित्येकदा लायनरवर कारखान्यात मारलेल्या होनिंगच्या तिरप्या रेघा अजून दिसतात. मापून बघितलं तर झीज दोन थाऊसुद्धा भरत नाही. आणि इंजिन ठार मेलेलं. पिस्टन जाम, हेडचे बोल्ट ॲल्युमिनियमशी एकजीव झालेले, पाण्याच्या जॅकेटला तडा. उन्हाळ्यात पंधरा दिवस तळ्यावर मासे धरायला गेलं असेल तेवढंच त्याचं काम. बाकी चाळीस-पन्नास वर्षं ते कोणाच्या तरी कोठारात भिंतीला टेकून उभं होतं. चालून झिजलेलं इंजिन मापता येतं, त्याचा हिशेब एका आकड्यात सांगता येतो. उभं राहून मेलेल्या इंजिनाला असा आकडा नाही. ते कुठे कुठे मेलंय हे एकेक बोल्ट सोडवत गेल्याशिवाय कळत नाही, आणि बोल्ट तर सुटत नाहीत.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर क्लॅम्पने आवळून बसवायचं इंजिन. वर डोकं, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला गिअर आणि पंखा. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर ज्याने होडी पाण्यात लोटताना पाहिली असेल त्याला हे समजावायला नको. क्रँकशाफ्ट उभा आणि सिलिंडर आडवे, हे मात्र जमिनीवरच्या इंजिनांत हात घातलेल्या माणसाला सुरुवातीला चमत्कारिक वाटतं. जुनी जवळजवळ सगळी टू-स्ट्रोक. तळ्याचंच पाणी खालून पंपाने वर ओढायचं, ब्लॉकभोवती खेळवायचं आणि परत सोडून द्यायचं. रेडिएटर नाही, ऑइल संप नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल हेच वंगण. पन्नासच्या दशकातल्या जॉन्सनला सहा गॅलनला एक क्वार्ट.

हे यंत्र खऱ्या अर्थाने धंद्याला लागलं ते मिलवॉकीत. त्याआधी डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने आउटबोर्ड काढलं होतं, पण लोकांच्या तोंडी नाव बसलं ते ओल एव्हिनरूडचं. नॉर्वेत जन्मलेला, लहानपणीच इकडे आलेला हा पॅटर्नमेकर आणि मशिनिस्ट. बायकोसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला वल्ही मारून दमला आणि त्यातून त्याला इंजिन सुचलं, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण १९०९ साली त्याने विकायला काढलेलं इंजिन दीड हॉर्सपॉवरचं, ६२ पाउंड वजनाचं आणि ६२ डॉलर किमतीचं होतं. पुढे १९२१ साली त्याने 'एल्टो' नावाने दुसरं काढलं. ते तीन हॉर्सपॉवरचं, आणि वजन ४८ पाउंडांवर उतरलेलं. ॲल्युमिनियमचा सढळ वापर केला म्हणून हे साधलं. होडीवाल्याच्या पाठीवरचं ओझं त्या ॲल्युमिनियमने हलकं केलं, आणि माझ्यासारख्याच्या मागे आज जे काही लागलंय तेही त्यानेच लावलं.

कारण बीड सोशिक असतं. ग्रे कास्ट आयर्नचा ब्लॉक वर्षानुवर्षं पावसात पडून राहिला तरी वरचा गंज खरवडला की आत माल शिल्लक असतो. ॲल्युमिनियम गंजतं तेव्हा त्याचं पांढरं पीठ होतं, आणि हे पीठ मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतं. बोल्टच्या आट्यांत ते तयार झालं की तिथल्या तिथे दाटून बसतं. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा ब्लॉक यांच्यामध्ये थोडं पाणी असलं की काम भागलं. खारं पाणी असेल तर बघायलाच नको. फ्लोरिडाकडून आलेलं इंजिन मी पाय उघडून बघायच्या आधी चाटून बघावं की काय, इतकं मीठ त्यात जागोजाग असतं.

हेडचा बोल्ट काढणं हेच या कामातलं खरं काम आहे. बाकी सगळं पुस्तकात लिहिलेलं आहे, म्हणून मी इथेच जरा थांबतो.

लहान जॉन्सनच्या हेडला दोन सुती, म्हणजे पाव इंची, बोल्ट असतात, मोठ्यांना अडीच सुती. अमेरिकेत अजून इंचच चालतो, त्यामुळे उद्यमनगरात शिकलेलं सूत मला इथे एकदाही विसरावं लागलं नाही. दोन सुती बोल्टची आवळण किती, तर पाच ते सात फूट-पाउंड. ऑइल इंजिनाच्या हेडवर पान्याला पाइप लावून लोंबकळलेल्या हाताला हे हास्यास्पद वाटतं. जो बोल्ट इतक्या कमी जोरात बसवलाय तो तेवढ्याच जोरात तुटतो, ही दुसरी बाजू.

आधी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पितळी दांडा ठेवून हातोडीचे हलके टोले. मग तेल, आणि तेल लावून निदान रात्रभर त्याच्याकडे न बघणं. दुसऱ्या दिवशी गॅसची बारीक ज्योत घेऊन बोल्टच्या भोवतालचा ब्लॉक तापवायचा, बोल्ट तापवायचा नाही. त्याच उष्णतेला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक बोल्टपेक्षा किंचित जास्त मोठं होतं. त्या ऊबेत मेणबत्तीचं टोक बोल्टच्या मुळाशी टेकवलं की मेण वितळून आट्यांत शिरतं. मग पाना लावून आधी आवळायच्या दिशेने जरासा दाब, आणि मग सोडवायच्या. बोल्टने 'कर्र' असा कोरडा आवाज केला तर समजावं की सुटला. अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे करत, मध्ये तेल देत तो बाहेर येतो. आवाज न करता पाना मऊमऊ फिरायला लागला तर मात्र तिथेच हात थांबवायचा. तो बोल्ट फिरत नसतो, पिळला जात असतो. त्या दोन्हींत पाव इंचाचं अंतर असतं, आणि ते मनगटाला कळावं लागतं.

इतकं करून तुटायचे ते तुटतातच. थोडा भाग वर राहिला असेल तर त्यावर नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग करून दोन्ही जोडून टाकायचे. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही, हे इथे पथ्यावर पडतं. शिवाय वेल्डिंगचा झटका बसून आटे मोकळे होतात. सपाट तुटला तर ड्रिल. पण सरळ ड्रिल लावलं की ते कडक पोलाद सोडून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घसरणार, याची खात्री बाळगावी. म्हणून मी हेड परत जागेवर बसवतो, शेजारचे बोल्ट हाताने आवळतो, आणि तुटलेल्या बोल्टच्या भोकात लेथवर बनवलेलं बुश घालतो. बुशच्या मधोमध बारीक भोक. ड्रिल त्यातून उतरतं आणि मध्य सोडून कुठे जाऊ शकत नाही. उलट्या हाताचं ड्रिल वापरलं तर कधीकधी भोक पाडता पाडताच उरलेला तुकडा फिरून वर येतो. ते दृश्य बघून माझी बायको एकदा म्हणाली, "अहो, लॉटरी लागल्यासारखं काय ओरडताय?" आता हे तिला कसं सांगायचं!

तुटका बोल्ट काढायला बाजारात जे उलट्या आट्यांचं हत्यार मिळतं ते मी गॅरेजात ठेवत नाही. ते कडक पोलादाचं असतं, बोल्टमध्येच मोडतं, आणि मग ज्यावर ड्रिल चालत नाही असा तुकडा आत घेऊन बसावं लागतं. आधीच्या मालकांनी आत मोडून ठेवलेले असे तुकडे मला सर्रास सापडतात. भोक साफ झालं की मोठा टॅप मारायचा आणि पोलादी तारेची आटेवाली गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवायची. नवे आटे मूळ आट्यांपेक्षा पक्के होतात. ब्लॉकची सगळीच भोकं याच पद्धतीने करून द्यावीत, असं माझं मत आहे. मूळ वस्तू जशीच्या तशी हवी म्हणणाऱ्यांना ते पटत नाही. पटू नये. आतले आटे दिसत नाहीत, आणि पुढच्या माणसाला ते सोडवावे लागणार आहेत. बोल्ट बसवताना आट्यांना बोटभर ग्रीस लावलं असतं तर हे एवढं रामायण घडलंच नसतं.

पुढचा मारेकरी म्हणजे इथला हिवाळा. आउटबोर्ड उभं ठेवलं तर त्यातलं पाणी आपोआप खाली निथळतं. तशीच त्याची रचना आहे. पण कोणी ते आडवं ठेवतं, कोणी पाय वर करून होडीवरच सोडतं, आणि पाण्याच्या वाटांत तळ्याचा गाळ साचलेला असेल तर उभं ठेवूनही पाणी अडतं. बाहेर उणे वीस अंश, आत अडकलेलं वाटीभर पाणी. गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि डायकास्ट ॲल्युमिनियमची पातळ भिंत त्याला अडवू शकत नाही. ब्लॉकपेक्षा खालच्या गिअरकेसला हा तडा जास्त वेळा जातो, कारण तिथला सील म्हातारा होऊन पाणी आत घेत असतो. पण जातो तेव्हा ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीवर तो केसाएवढा बारीक असतो, रंगाखाली लपलेला, आणि इंजिन तापल्यावरच पाझरायला लागतो.

या तड्याचं करायचं काय, यावर इथल्या हौशी मंडळींत दोन तट आहेत. वेल्डिंगवाले इपॉक्सीवाल्यांना भोंदू समजतात. माझं आयुष्य ओतकामाच्या आसपास गेलं, तरीही या वादात मी बऱ्याचदा इपॉक्सीच्या बाजूने असतो. जुनं डायकास्ट ॲल्युमिनियम वेल्डिंगला बसलं की आतून साठ वर्षांचं तेल, गाळ आणि मीठ उकळून वर येतं. टाका आंबोळीसारखा जाळीदार होतो. तो घासून काढायचा, परत मारायचा, परत घासायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला कुठे चकचकीत धातू दिसतो. शिवाय ॲल्युमिनियम वितळायच्या आधी लाल होत नाही; सांगून-सवरून जात नाही, एकदम खाली बसतं. त्या उष्णतेने शेजारचा लायनर काही थाऊ वाकडा झाला तर तडा बुजला आणि बोअर गेला. जॅकेटमधल्या पाण्याला दाब असा फारसा नसतोच. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडून तो पुढे जायचा थांबवला, मधली रेघ व्ही आकारात कोरली, धातू उघडा करून कोरडाठाक केला, तर चांगल्या प्रतीची इपॉक्सी पुरते. जिथे बोल्ट आवळला जातो किंवा जिथे बेअरिंग बसतं तिथे मात्र वेल्डिंगला पर्याय नाही.

पिस्टन जाम झालेलं इंजिन घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा आधी दोरी ओढून, मग फ्लायव्हीलच्या नटाला लांब पाना लावून बघून आलेला असतो. पिस्टन हलत नाही, क्रँकशाफ्ट मात्र पिळला जातो. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात. इंजिन ज्या क्षणी थांबतं त्या क्षणी दोन सिलिंडरांपैकी एकाचा पिस्टन खाली असेल तर त्याच्या खिडक्या उघड्या राहतात, आणि एक्झॉस्टच्या वाटेने दमट हवा वर्षानुवर्षं आत येत राहते. त्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वर गंजाचं कडं तयार होतं. दुसरा पिस्टन वर असतो, खिडक्या झाकून; त्याचा बोअर नवाकोरा. त्यामुळे हेड काढल्यावर पहिलं काम म्हणजे खालच्या पिस्टनच्या वरचा गंज बारीक पॉलिश पेपरने साफ करणं. ते न करता वरच्या पिस्टनला ठोकून खाली ढकललं की खालचा वर येताना त्या गंजावर रिंगा मोडून घेतो. गंज गेल्यावर तेल भरून ठेवायचं, काही दिवस विसरायचं, आणि मग बोअरपेक्षा सूतभर बारीक असा मेपलच्या लाकडाचा ठोकळा ठेवून वरच्या पिस्टनवर टोले. जोराचे नाहीत, पण सारखे. इथले काही जण स्पार्क प्लगच्या भोकातून ग्रीसगनने ग्रीस दाबून पिस्टन ढकलतात. युक्ती नामी आहे, दाब प्रचंड मिळतो. पण नंतर ते ग्रीस कानाकोपऱ्यातून काढत बसायला मला आवडत नाही.

आणि या सगळ्याच्या मध्ये राहायला आलेली मंडळी. फ्लायव्हीलखाली उंदरांचं घरटं असणं हे तर धरूनच चालायचं. वायरी कुरतडलेल्या असतात, आणि उंदराचं मूत ॲल्युमिनियमला मिठाइतकंच लागतं. एक्झॉस्टच्या भोकात कुंभारीण माशीने मातीची घरं केलेली असतात. ती माती पावसाचं पाणी धरून ठेवते, म्हणजे पुन्हा हिवाळ्याचा तडा.

ब्लॉक साफ झाला की मग माझ्या आवडीचा भाग. या इंजिनांत क्रँककेसच्या दोन फाकांमध्ये गॅस्केट नसतं. मुद्दामच नसतं, कारण कागदाच्या जाडीनेही बेअरिंगची बैठक मोठी होईल. कारखान्यात दोन्ही फाका आधी एकत्र बोल्ट करून मग त्यांतून बोअर मारलेला असतो. त्या दोघी जन्मभर एकमेकींच्याच. आणि टू-स्ट्रोकचं क्रँककेस नुसतं झाकण नाही, तो पंप आहे. प्रत्येक सिलिंडरची खोली वेगळी, तीत मिश्रण ओढलं जातं, दाबलं जातं. जोडावर कुठे हवा गळाली की मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून चिकटतो. म्हणून दोन्ही पृष्ठभाग जाड काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर तपासायचे. खाचा आहेत का, कोणी पेचकस घुसवून फाका उचकटल्या होत्या का. उचकटलेल्या असतातच. सीलंटचा थर इतका पातळ लावायचा की खालचा धातू दिसावा. आधी फाका जुळवणाऱ्या टेपर पिना बसवायच्या, मग बोल्ट. घाईत बोल्ट आधी आवळणारे पुष्कळ भेटतात, आणि मग शाफ्ट जड का फिरतो म्हणून विचारतात.

कनेक्टिंग रॉडची टोपी बसवताना जुन्या सर्व्हिस पुस्तकात एक तपासणी सांगितली आहे. जोडाच्या रेषेवरून पेन्सिलीचं टोक आडवं फिरवायचं. टोक अडलं तर टोपी सरकलेली आहे, परत सैल करून जुळवा. मी उद्यमनगरात हेच काम नखाने करायचो. पेन्सिल बरी, नख दिवसअखेर बोथट होतं.

सुट्या भागांचं म्हणाल तर ओढाताण आहे. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही दोन्ही नावं ज्या कंपनीखाली होती ती ओएमसी डिसेंबर २०००मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे बॉम्बार्डिएने ती नावं घेतली, आणि २०२०च्या मे महिन्यात एव्हिनरूडचं उत्पादनही थांबलं. शेवटचा कारखाना आमच्याच राज्यात, स्टर्टेव्हंटला होता. आउटबोर्डची दुसरी कंपनी मर्क्युरी मात्र चालू आहे, फॉन्ड डु लॅकला. त्या कंपनीचा जन्म तर दुरुस्तीतूनच झाला. १९३९मध्ये कार्ल कीकहेफरने सीडरबर्गचा कारखाना घेतला तेव्हा तिथे टपालाने माल विकणाऱ्या एका मोठ्या व्यापाऱ्याने परत पाठवलेली ३०० सदोष आउटबोर्ड पडून होती. ती त्याने दुरुस्त करून विकली, आणि मग स्वतःचं इंजिन काढलं. मला त्या माणसाच्या रेसिंगच्या पराक्रमांपेक्षा ही ३०० इंजिनं जास्त आवडतात.

पन्नासच्या दशकातल्या पिस्टनचं ओव्हरसाइज मिळालं तर नशीब. एकदा मी कोल्हापूरला पुतण्याला फोन लावला. त्याचं मशीन शॉप आहे, शेजारी ओळखीची फौंड्री.

"काका, नग किती लागणार?"

"एक जोडी."

"चेष्टा करताय व्हय? पॅटर्न कुणी करायचा, डाय कुणी करायचा? पाचशे म्हणा, उद्या टाकतो."

"पाचशे घेऊन काय लोणचं घालू?"

"मग तुमच्या त्या अमेरिकेत कुणाच्या तरी माळ्यावर शोधा की."

पुतण्याचं बरोबर होतं. या पिस्टनच्या माथ्यावर एका बाजूला उंच धार असते, आत येणारं मिश्रण सरळ एक्झॉस्टकडे पळू नये म्हणून. आणि रिंगांच्या खाचेत बारीक पिना असतात, रिंगेचं टोक फिरून खिडकीत अडकू नये म्हणून. एका जोडीसाठी हे सगळं कोणी करत नाही. माळेच शोधावे लागतात. इथे १९६५पासून जुन्या आउटबोर्डवाल्यांचा एक क्लब आहे. तळ्याकाठी त्यांचे मेळावे भरतात, आणि तिथे पिकअपच्या मागे मांडलेल्या खोक्यांत कोणाकडे तरी, कंपनीच्या मेणकागदात गुंडाळलेला, न वापरलेला पिस्टन निघतो. पण सुदैवाने झीज नसल्यामुळे ओव्हरसाइजची गरज मुळात कमीच पडते. प्रश्न असतो तो गंजाने पडलेल्या खड्ड्यांचा. होन मारल्यावर काही उरतात. खड्डा सिलिंडरच्या माथ्याशी असेल तर दाब जातो, तिथे तडजोड नाही. खिडक्यांच्या खाली असेल तर मी तो राहू देतो, आणि मालकाला बोट लावून दाखवतो. दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन सारखं आलं की झालं. किती आलं हे त्यानंतरचं.

मालक मंडळी बहुधा "आजोबांचं इंजिन" म्हणूनच येतात. आजोबा होते तेव्हा त्यात तेल घालायला कोणी नव्हतं, हे मी बोलत नाही. दुरुस्तीला जेवढा खर्च येतो त्याच्या निम्म्यातही तसलंच चालू इंजिन विकत मिळेल, हे मात्र पहिल्याच भेटीत सांगतो. बरेच जण तरीही ठेवून जातात. काहींना चालणारं नको असतं, नुसतं रंगवून भिंतीवर लावायला हवं असतं. ते काम मी घेत नाही. त्यासाठी रंगारी आहेत.

मागे मालवणला गेलो होतो तेव्हा किनाऱ्यावर एका झापाखाली यामाहाचं डोकं उघडून बसलेला मेकॅनिक भेटला. बाजूला पिंपात गोडं पाणी, त्यात दुसरं इंजिन उभं करून चालवत ठेवलेलं, मीठ धुऊन काढायला. त्याचा बोअर बघितला. झिजून आरसा झालेला, रिंगा पत्र्याइतक्या पातळ. मी विचारलं, "हेडचे बोल्ट सुटतात का?" त्याने माझ्याकडे नवलाने बघितलं. "सुटतत म्हणजे? म्हयन्याक दोनदा सोडतंय." हातातल्या हातात फिरवून त्याने मला एक काढूनही दाखवला. रोज चालणाऱ्या आणि वरचेवर उघडल्या जाणाऱ्या इंजिनाचा बोल्ट गंजायला मोकळा वेळच मिळत नाही. खारं पाणी, वाळू, अडाणी हाताळणी, सगळं असूनही.

सध्या बाकावर दहा हॉर्सपॉवरचे दोन जॉन्सन ब्लॉक आहेत, एकाच मॉडेलचे. एकाचा ब्लॉक चांगला, पण क्रँककेसच्या पुढच्या फाकेचा बोल्टचा कान तुटलेला. दुसऱ्याच्या जॅकेटला हिवाळ्याचा तडा, पण पुढची फाक धडधाकट. क्लबातल्या एकाने सुचवलं, दोन्ही मिळून एक कर. मला माहीत होतं काय होईल ते, पण करून बघितलं. टेपर पिना अर्ध्यातच अडल्या. बोल्ट हाताने लावले तोवर शाफ्ट बोटाने फिरला. पान्याने आवळताच जड झाला. बेअरिंगच्या बैठकीत जोडावर नखाला पायरी लागते, दीड-दोन थाऊची. उद्यमनगरात अशी बैठक लाइन बोअर करून दुपारच्या आत दिली असती, पण मग त्या मापाचं बेअरिंग आणणार कुठून?

तेव्हा तुटका कानच वेल्ड करायचा ठरवला आहे. बोल्ट आवळायची जागा, तिथे इपॉक्सी चालणार नाही. उष्णतेने बैठक वाकू नये म्हणून भंगारातला एक जुना क्रँकशाफ्ट बेअरिंगसकट आत बसवून, दोन्ही फाका आवळून, मगच टॉर्च लावणार. मालकाला मेच्या पहिल्या शनिवारी इथला मासेमारीचा हंगाम उघडायच्या आत इंजिन हवंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. फाक दोन दिवस गरम पाण्यात आणि डिटर्जंटमध्ये बुडवून ठेवली होती, काल ओव्हनमध्ये तापवली, तरी तुटलेल्या कडेतून अजून तेल पाझरतंय.